एकशे त्रेचाळीस सावकार

भुजंगरावांच्या घरात एका वर्षात सहा वस्तू आल्या आणि सहाही हप्त्यावर आल्या. आधी रंगीत टीव्ही आला, कारण क्रिकेटचा वर्ल्डकप होता. टीव्ही बघायला गल्ली जमायला लागली, म्हणून सोफा आला. सोफ्यावर बसलेल्यांना उकडायला लागलं, म्हणून कूलर आला. कूलरखाली बसून लोक थंड पाणी मागायला लागले, म्हणून फ्रिज आला. मिक्सर कशासाठी आला हे कोणालाच नीट आठवत नव्हतं; दुकानदार म्हणाला, "एवढं घेतलं, हे पण न्या," आणि भुजंगरावांना नाही म्हणायची सवय नव्हती. शेवटी हप्ते भरायला पाच दुकानं पायी फिरून पाय दुखायला लागले, म्हणून लूना आली. तिचाही हप्ता होताच.

भुजंगराव जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला होते. पगार बावीसशे. सहा हप्त्यांची बेरीज सतराशे पासष्ट. उरलेल्या पैशांत मस्तगडातल्या दोन खोल्यांचं भाडं निघालं की पगार संपायचा. मग घर कशावर चालतं, हा प्रश्न भुजंगरावांना कधी पडला नाही. तो त्यांच्या बायकोला, उषाबाईंना, रोज पडायचा, आणि त्या तो खिडकीजवळच्या पिकोफॉलच्या मशीनवर बसून सोडवायच्या. साडीला फॉल, पदराला पिको, ब्लाउज, परकर. मशीन त्यांनी स्वतःच्या भिशीतून घेतली होती आणि तिची पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला आणि हप्ते तुंबले. तीन महिने झाले तसा फ्रिजच्या फायनान्सचा वसुलीवाला शिवाजी दारात येऊन उभा राहिला. माणूस गोड बोलायचा. भुजंगरावांना त्याचीच जास्त भीती वाटायची.

"भुजंगराव, पंधरा तारखेपर्यंत थकलेलं भरून टाका. न्हाईतर मला तारण उचलावं लागंल."

"कसलं तारण?"

"आता बघा! तुम्हीच तर लिहून दिलं. फॉर्मवर. पिकोफॉल मशीन, नग एक."

भुजंगरावांना फॉर्म आठवला. त्यात एक रकाना होता, स्वतःच्या मालकीची वस्तू लिहा म्हणून. त्यांनी घरभर नजर फिरवली होती. टीव्ही हप्त्यावर, सोफा हप्त्यावर, कूलर हप्त्यावर. हप्त्याबाहेरची एकच वस्तू घरात होती. ती त्यांनी लिहिली आणि खाली झोकात सही केली.

आत मशीनची मोटर घरघरत होती, त्यामुळं उषाबाईंना यातलं काही ऐकू गेलं नाही. लग्नसराई तोंडावर आली होती. कोपऱ्यात ब्लाउजपिसांचा ढीग छातीएवढा झाला होता. मशीन गेली तर चूल बंद होणार, हे भुजंगरावांना कळत होतं. पण त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. मशीन का जाणार, हे उषाबाईंना सांगणार कोण?

अशा वेळी जुन्या जालन्यातला माणूस काकासाहेबांकडं जायचा. काकासाहेबांनी पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून ते रोज दहा वाजता कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसत आणि फुकट सल्ला देत. चहा मात्र समोरच्यानं पाजायचा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बशीत ओतलेला चहा संपवला आणि म्हणाले, "सोप्पं हे. नादारी घे."

"म्हंजी?"

"कोर्टात अर्ज टाकायचा. साहेब, मी बुडालो, माझ्याच्यानं कर्ज फिटत न्हाई. कोर्टानं एकदा नादार म्हणून जाहीर केलं की वसुली बंद. मंग मशीनला हात लावायची कोणाची टाप न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"लोकाला कळतंय कुठं? चार भिंतीतलं काम. फक्त एक ध्यानात ठेव, देण्याची यादी बराबर पाहिजे. ज्याचं ज्याचं म्हणून परत करायचंय, त्याचं नाव, पत्ता, रक्कम. एक जरी नाव सुटलं तर समोरची पार्टी म्हणती, यानं लपवलं. बिलकुल काही लपवून ठेवायचं न्हाई."

एवढं सांगून काकासाहेब आठ दिवसांसाठी भोकरदनला लेकीकडं गेले. ते गेले नसते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

भुजंगराव प्रामाणिक माणूस. कंपनीतली पेन्सिलसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नव्हती. ते यादी करायला बसले. पहिली सहा नावं पाच मिनिटांत झाली. मग त्यांनी काकासाहेबांचं वाक्य पुन्हा मनात घोळवलं. ज्याचं ज्याचं परत करायचंय. ते उठले, ट्रंक उघडली आणि तळातून आहेराची वही काढली.

ही वही त्यांच्या बहिणीच्या, नंदाबाईच्या, लग्नातली. आपल्याकडं मांडवात कोणी आहेर केला की वळणदार अक्षराचा एखादा पाहुणा शेजारी बसून तो लिहून घेतो. कोणी एक्कावन्न दिले, कोणी टॉवेल-टोपी, कोणी लुगडं. मग त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि त्याच्यापेक्षा चार पैसे वरचढ आहेर करायचा. विसरलं तर तो माणूस तोंडावर काही बोलत नाही. पण पुढची वीस वर्षं मागं बोलत राहतो. भुजंगरावांच्या वहीत एकशे सदतीस नावं होती आणि त्यातलं एकही अजून फिटलं नव्हतं.

त्यांनी सगळी उतरवली. सांडूमामा, कुंभार पिंपळगाव, एक्कावन्न रुपये. परत करायचे ते एकसष्ट, म्हणून एकसष्ट लिहिले. केशरमावशी, लुगडं एक, अंदाजे किंमत एकशेवीस. एक टोपी, सात रुपये. शेवटी एकूण धनको एकशे त्रेचाळीस. यादी टायपिस्टकडं नेली. टायपिस्टला पानामागं पैसे मिळत असल्यामुळं त्यानं काहीच विचारलं नाही. अर्ज दाखल झाला, दीड महिन्यानंतरची तारीख पडली. शिवाजीला ते कळलं तेव्हा तो गोडच हसला. "कोर्टाचं काम हे, मंग तारखेपर्यंत थांबतो ना मी," म्हणाला.

काकासाहेब भोकरदनहून आले आणि टपरीवर बसून त्यांनी यादीची प्रत वाचली. वाचता वाचता त्यांचा चहा गार झाला.

"भुजंगा, ही टोपी कशाची?"

"नंदीच्या लग्नात आल्ती."

"आरं देवा! आहेर लिवला का तू? आहेर?"

"तुम्हीच म्हणले, परत करायचं ते सगळं."

काकासाहेब बराच वेळ कपाळ चोळत राहिले. "आता काढता बी येत न्हाई. दाखल झालं. काढलं तर म्हणतील, लपवलं. आणि प्रत्येक धनकोला रजिस्टर नोटीस जाती, यादीची नक्कल जोडून. खर्चा तुझा."

"किती?"

"टपाल, टायपिंग, स्टँप धरून एकीला अकरा. एकशे त्रेचाळीस गुणिले अकरा." त्यांनी हिशेब जमिनीवर काडीनं केला. "पंधराशे त्र्याहत्तर."

"एवढे असते तर मी बुडालो असतो का काकासाहेब?"

हे बरोबर होतं. बुडालो असं जाहीर करायलाही पदरी पैसे लागतात, आणि ते बुडालेल्या माणसाकडं नसतात. टपरीवरचे चार लोक काकासाहेबांकडं बघायला लागले. सल्ला त्यांचा होता. शेवटी काकासाहेबांनी पेन्शनमधून पंधराशे त्र्याहत्तर रुपये दिले. भुजंगरावांनी लगेच पुरवणी अर्ज टाकून धनको क्रमांक एकशे चव्वेचाळीस म्हणून काकासाहेबांचं नाव यादीत घातलं. त्यांना लपवाछपवी करायची नव्हती. आठवड्यानं काकासाहेबांनाही नोटीस आली आणि तिचे अकरा रुपये त्यांनीच भरले.

कुंभार पिंपळगावात एकाच दिवशी अडतीस रजिस्टर आले. पोस्टमन सह्या घेऊन घेऊन दमला. कोर्टाचा कागद म्हटल्यावर निम्मं गाव घाबरलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पारावर बसून वाचला, आणि मग भीती गेली व भांडणं लागली. कारण यादीत कोणी किती आहेर केला होता ते सगळं छापून आलं होतं. 'मी एकशे एक दिले,' असं तीन वर्षं सांगत फिरणारे पाहुणे एकवीस रुपयांवर निघाले. दोन सख्ख्या जावांनी मिळून केलेला आहेर थोरलीच्या एकटीच्या नावावर दिसला आणि धाकटीनं त्याच दिवशी चूल वेगळी मांडली. ज्यांचं नाव लिहायचंच राहून गेलं होतं ते तर सगळ्यांत जास्त चिडले. आम्ही काय फुकट जेवून आलो का, म्हणायला लागले.

मस्तगडात पहिल्यांदा आल्या त्या भुजंगरावांच्या सासूबाई, चांगुणाबाई. त्यांनी चपला काढायच्या आत पिशवीतून नोटीस काढली आणि लेकीपुढं धरली.

"उषे, जावयानं मला कोर्टात कामून बोलावलं?"

उषाबाईंनी मशीन थांबवली. पहिल्या पानावर पहिलंच कलम होतं. फ्रिज, थकबाकी अमुक, तारण पिकोफॉल मशीन, नग एक. त्यांनी ते दोनदा वाचलं. भुजंगराव मोरीपाशी उभे होते. तिथून पुढं जायला वाट नव्हती.

"कव्हापासून चालू हे हे?"

"चार महिने झाले."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू मशीनवर होतीस," भुजंगराव म्हणाले.

उषाबाईंनी नोटीस आईला परत दिली. भुजंगरावांना वाटलं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. उषाबाईंनी सुईत दोरा ओवला आणि पुन्हा शिवायला घेतलं. डोळे भरले होते, त्यामुळं टीप वाकडी गेली आणि ती त्यांना उसवावी लागली.

तारखेच्या दिवशी सकाळी साडेआठलाच काळ्या-पिवळ्या जिपा मस्तगडात लागायला सुरुवात झाली. साठ-पासष्ट माणूस उतरलं. कोर्टात जायचं तर आधी भाच्याच्या घरी चहा घेऊनच, असं सगळ्यांनी आपापल्या गावी परस्पर ठरवलं होतं. धनको असला तरी पाहुणा तो पाहुणा. उषाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर दोन किलो साखर आणली आणि भुजंगरावांच्या डोक्यात आलं, हे पण यादीत घालावं लागणार.

सांडूमामा सोफ्यावर बसले नाहीत. उभ्यानंच सुरू झाले. "भुजंगा, मी कव्हा मागितलं रे? कव्हा तोंड उघडलं? एकसष्ट रुपड्यांसाठी ह्या वयात मला कोर्टाची पायरी चढवली!"

"मामा, मी तुमच्यावर केस न्हाई केली. तुमचं देणं मान्य करून राह्यलो."

"मान्य करायला कोर्ट लागतं का? मांडवात ये, फेटा बांध!"

"आणि माझं लुगडं?" केशरमावशी मधेच म्हणाल्या. "तीनशेचं लुगडं व्हतं. एकशेवीस लिवलं! आता अख्ख्या पिंपळगावाला वाटतं, केशर हलकं लुगडं घेऊन गेल्ती."

काकासाहेब दारातूनच "नंतर दुरुस्ती अर्ज टाकता येतो" असं म्हणाले. सगळे त्यांच्याकडं वळले. ते दोन पावलं मागं सरकले.

कोर्टात एवढी माणसं मावेनात. जज्जसाहेबांनी आधी बाहेर मोर्चा आला का ते विचारलं. मग त्यांनी यादी हातात घेतली. पहिली सहा नावं वाचली, पान उलटलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"अर्जदार, 'टॉवेल एक, टोपी एक', हे कर्ज आहे?"

"परत करायचं हे साहेब."

"आहेर आहे हा?"

"व्हय साहेब."

जज्जसाहेबांनी समोरच्या गर्दीला विचारलं, "तुमच्यापैकी कोणाचा ह्या माणसाकडं पैशांचा दावा आहे?"

"न्हाई साहेब!" साठ तोंडांतून एकदम आवाज आला.

"झालं तर. मग प्रत्येकानं लिहून द्या, आमचं अर्जदाराकडं काही येणं नाही. म्हणजे तुमची नावं काढून टाकतो."

साहेबांना वाटलं, संपलं. पण कोणी पुढं येईना. सांडूमामांनी फेटा सारखा केला आणि हात जोडले. "साहेब, तसं कसं लिहून देऊ? माझ्या पोरीचं लग्न वैशाखात हे."

"म्हणजे येणं आहे?"

"येणं न्हाई साहेब. पण यावं तर लागंल ना."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याही घरी ट्रंकेत एक वही असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग त्यांनी ती पानं बाजूला सारली आणि भुजंगरावांकडं वळले.

"आहेराचं तुमचं तुम्ही मांडवात बघा, तो इथं मोजणार नाही. पगार बावीसशे, हप्ते सतराशे पासष्ट, वर भाडं. मग खाता काय?"

"मंडळी शिवणकाम करती साहेब. त्याच्यावर चालतं."

"किती वर्षं?"

भुजंगरावांनी कधी मोजलं नव्हतं. मागून चांगुणाबाई म्हणाल्या, "सात."

"ही तारण दिलेली मशीन तीच?"

"तीच."

"कोणाच्या मालकीची?"

"मंडळीची. भिशीतून घेतलेली. पावती हे तिच्याजवळ."

"तिनं तारणावर सही केली?"

"न्हाई. म्याच केली."

जज्जसाहेबांनी शिवाजीला उभं केलं. "दुसऱ्याच्या मालकीची वस्तू ह्यांनी लिहून दिली आणि तुम्ही घेतली? हे कसलं तारण? त्या मशीनला तुम्हाला हात लावता येणार नाही. तुमचा फ्रिज आहे, तो घेऊन जा."

शिवाजी गोड हसायचं विसरला.

मशीन वाचली होती. खरं म्हणजे ती कधी धोक्यातच नव्हती. पत्र्याच्या डब्यातली एक पावती शिवाजीला दाखवली असती तर दोन महिन्यांपूर्वीच काम झालं असतं. भुजंगरावांनी वळून काकासाहेबांकडं बघितलं. पस्तीस वर्षं कोर्टात काढलेले काकासाहेब छताच्या पंख्याकडं बघत होते.

"आणि अर्जदार," जज्जसाहेब म्हणाले, "हप्त्याच्या वस्तू परत केल्या तर तुमचा पगार तुम्हाला पुरतो. तुम्ही नादार वगैरे कोणी नाही. अर्ज नामंजूर. पण एक सांगा. तुम्ही सात रुपयांची टोपी यादीत लिहिली. सात वर्षं जिनं घर चालवलं, तिचं नाव ह्यात कुठं आहे?"

भुजंगरावांनी यादीकडं बघितलं. ती त्यांनी स्वतः तीनदा तपासली होती, एक नाव सुटू नये म्हणून. त्यांचा चेहरा पडला. एवढ्या माणसांत त्यांना लाज वाटली ती मागच्या बाकावर बसलेल्या एकट्या उषाबाईंची.

आठ दिवसांत सहाही वस्तू आल्या वाटेनं परत गेल्या. टीव्ही गेल्यावर गल्ली यायची बंद झाली, त्यामुळं सोफ्याची आणि कूलरची उणीव भासली नाही. पाहुणे तर कोर्टाच्या दिवशीच पिठलं-भाकरी खाऊन परतले होते. जाताना सांडूमामांनी उषाबाईंच्या हातात शंभराची नोट ठेवली, तेव्हा उषाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "नका मामा, परत यादीत जाल." मामांनी नोट खिशात घातली.

रविवारी दुपारी भुजंगरावांनी आहेराची वही काढली. काकासाहेबांचे पंधराशे त्र्याहत्तर आणि त्यांच्याच नोटिशीचे अकरा मागच्या पानावर लिहिले. तेवढं एक कर्ज मात्र ह्या सगळ्यातून अस्सल निघालं होतं. मग त्याखाली लिहिलं: एकशे पंचेचाळीस, उषाबाई. रक्कम लिहायला त्यांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"अगं, किती लिहू?"

उषाबाईंनी मशीन थांबवली. वही बघितली, नाव बघितलं. त्यांना आतून बरं वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

"कोरं ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं लिहून फिटत न्हाई. हे बारा ब्लाउज हेत, संध्याकाळी न्यायला येणार हेत. हूक लावा."

भुजंगराव चटईवर मांडी घालून बसले. सुईत दोरा ओवायलाच त्यांना चांगली दहा मिनिटं लागली. मान मोडून, बोटाला तीनदा टोचून घेऊन, तासाभरात त्यांनी एक ब्लाउज पुरा केला आणि मोठ्या आशेनं पुढं केला.

उषाबाईंनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि ब्लेड घेऊन एकेक हूक उसवायला सुरुवात केली.

"उलटे लावले सगळे," त्या म्हणाल्या. "हा हप्ता मी धरणार न्हाई."